सीओटू सायकलची एफिशियन्सी ओआरसीच्या जवळपास दीडपट, तरी नेट पॉवर तेवढीच कशी? इंजिनच्या एक्झॉस्टवरचा प्रोजेक्ट

वाफेचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी, एम.टेकच्या प्रोजेक्टमध्ये चार दिवस एकाच जागी अडकलोय म्हणून इथे विचारतो.

१ मेगावॅटचा डिझेल जनरेटर धरलाय, फोर स्ट्रोक. टर्बोचार्जरनंतर एक्झॉस्ट ४५० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि फ्लो सेकंदाला १.८ किलो. म्हणजे गॅस १ अंशाने गार झाला की जवळपास २ किलोवॅट उष्णता मिळते. इंजिनची एफिशियन्सी ४० टक्के धरली तर २५०० किलोवॅटचं इंधन आत जातं आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा सरळ धुराड्यातून वर जातो, हे बघूनच मला हा विषय घ्यावासा वाटला.

आता त्या उष्णतेतून पॉवर काढायच्या दोन सायकल मॉडेल केल्यात. पहिली साधी ओआरसी, म्हणजे ऑरगॅनिक रँकिन सायकल, वर्किंग फ्लुइड (आत फिरणारा द्रव) सायक्लोपेंटेन, २०० अंशाला उकळतंय आणि ४५ अंशाला कंडेन्स होतंय, सायकल एफिशियन्सी १६ टक्के आली. दुसरी सुपरक्रिटिकल सीओटू, म्हणजे इतक्या दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड की द्रव आणि वाफ असा फरकच उरत नाही, टर्बाइनच्या तोंडाशी ४०० अंश आणि २०० बार, मागे ८० बार, मोठा रिक्युपरेटर (टर्बाइनमधून निघणाऱ्या सीओटूची उरलेली गरमी परत वापरणारा हीट एक्स्चेंजर) लावला, एफिशियन्सी २३ टक्के. मी खूश झालो, म्हटलं झालं काम, पण नेट पॉवर काढली तर ओआरसी ९६ किलोवॅट आणि सीओटू ९७! परत परत तपासलं, प्रॉपर्टीचं टेबल बदलून बघितलं, गणितात चूक सापडत नाही. गाइड सर म्हणाले रिक्युपरेटर अजून मोठा कर, तो केला तर एफिशियन्सी २४ च्या वर गेली पण पॉवर उलट खाली आली. हे कसं काय होतं कोणी समजावेल का? आणि मग ॲडव्हान्स्ड सायकल म्हणून जे सगळे पेपर निघतात त्याचा इंजिनसाठी उपयोग काय?

---

उष्मागतीवाला

तुझं गणित बरोबर आहे रे, चूक प्रश्नात आहे. सायकल एफिशियन्सी हा आकडा बॉयलरवाल्या पॉवर प्लांटसाठी. तिथे कोळसा तुम्ही विकत घेऊन जाळता, कमी उष्णता लागली तर कमी कोळसा जाळता, म्हणून घेतलेल्या उष्णतेतली किती कामाला लागली हे महत्त्वाचं. इथे उष्णता आधीच वाहून चाललीय, तू घेतली नाहीस तर ती वाचत नाही, ती आकाशात जाते. म्हणून इथे दोन गोष्टींचा गुणाकार बघायचा, गॅसमधून किती उष्णता ओढली आणि तिच्यातली किती वळवली.

तुझेच आकडे घेऊ. ओआरसीत गॅस ४५० पासून बहुतेक १५० पर्यंत उतरला असणार, म्हणजे ३०० अंश गुणिले २, झाले ६०० किलोवॅट, त्याचे १६ टक्के ९६. सीओटूत टर्बाइनमधून बाहेर पडणारा सीओटू अजून ३०० च्या वर गरम असतो, तो रिक्युपरेटरमध्ये आपली गरमी कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या सीओटूला देतो, त्यामुळे हीटरमध्ये शिरतानाच तो दोनशेच्या वर गेलेला असतो. आता दोनशेच्या वरच्या फ्लुइडने गॅसला दोनशेच्या खाली कसं गार करणार? तुझा गॅस २४० च्या आसपास सुटतोय बघ, म्हणजे फक्त ४२० किलोवॅट, त्याचे २३ टक्के ९७. रिक्युपरेटर अजून मोठा केलास की सीओटू हीटरमध्ये अजून गरम शिरतो आणि गॅस अजून वर सुटतो. रिक्युपरेटर आणि एक्झॉस्ट दोघंही त्याच थंड सीओटूला गरम करायला भांडतायत, आणि तू फुकटच्या एक्झॉस्टला हरवून आतल्याच उष्णतेला जिंकवतोयस.

आता यातली किती पॉवर निघू शकते त्याची वरची मर्यादा काढ. नुसतं कार्नो, म्हणजे दोन तापमानांमधली सैद्धांतिक कमाल एफिशियन्सी, लावू नकोस, कारण कार्नोत उष्णता एकाच तापमानाला मिळते असं धरलेलं असतं आणि एक्झॉस्ट तर गार होत होत उतरतो. बाहेरचं ३० अंश धरून दर टप्प्याला त्या त्या तापमानाचं कार्नो लावून बेरीज केली की लॉगवालं सूत्र येतं, तुझ्या गॅसला ४५० ते १५० मध्ये ते २७५ किलोवॅट देतं. म्हणजे ६०० पैकी जास्तीत जास्त २७५, आणि तुझ्या दोन्ही सायकल त्याचा जेमतेम ३५ टक्के काढतायत. प्रोजेक्टमध्ये हा आकडा मांड, सायकल एफिशियन्सी मागच्या पानावर टाक.

उरलेली कुठे जाते ते सांगतो. गॅसचा टेंपरेचर-हीट आलेख काढ, ती उतरती रेघ. तिच्याखाली फ्लुइडची चढती रेघ. दोन रेघांमधली फट म्हणजे नुकसान. पाणी घेतलं तर उकळताना रेघ आडवी होते, आणि पाण्याची लेटंट हीट (उकळून वाफ व्हायला लागणारी उष्णता) प्रचंड, १० बारला किलोमागे २००० किलोज्यूलच्या वर, तर ४५ अंशापासून उकळीपर्यंत आणायला ६०० सुद्धा लागत नाहीत. ४५० च्या गॅसला ते पाणी चालून जातं, पण गॅस २५० चा असेल तर त्या लांब आडव्या भागाच्या सुरुवातीला पिंच लागतो, म्हणजे दोन रेघांमधला तापमानाचा फरक सगळ्यात कमी होतो, आणि तिथून खाली गॅसमध्ये काही हाती लागत नाही. ऑरगॅनिक फ्लुइडची आडवी रेघ आखूड असते म्हणून ते बरे. क्रिटिकल प्रेशरच्या वर गेलं की आडवी रेघच नाही, फ्लुइड उकळी न येता सरळ गरम होत जातं. ट्रायलॅटरल फ्लॅश सायकल त्याहून पुढची, द्रव गरम करायचा पण उकळू द्यायचा नाही आणि एक्सपँडरमध्येच (प्रसरणातून काम काढणाऱ्या यंत्रात) फ्लॅश, म्हणजे एकदम वाफ, होऊ द्यायचा, रेघ गॅसच्या रेघेला समांतर पळते, फक्त द्रव आणि वाफ एकत्र खाऊन टिकणारा एक्सपँडर मिळणं कठीण, म्हणून तिथे ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचं यंत्र) वापरायचा प्रयत्न होतो. कलिना सायकलमध्ये अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण, ते उकळताना तापमान सरकत राहतं, आइसलँडमध्ये हुसाविकला २००० साली २ मेगावॅटचा प्लांट लागला तो जिओथर्मल पाण्यावर. हे सगळे प्रकार वेगवेगळे दिसतात पण सगळ्यांची धडपड ती फट बुजवायचीच.

---

कॉम्प्रेसर_ताई

वरच्या उत्तराला जोडून सीओटूचा इलाज सांगते. रिक्युपरेटर काढून टाकायचा नाही, फ्लो फोडायचा. कॉम्प्रेसरमधून निघालेला सगळा सीओटू रिक्युपरेटरमध्ये घालू नकोस, त्यातला काही भाग सरळ एक्झॉस्टच्या थंड टोकाला एका प्रीहीटरमध्ये पाठव, बाकीचा रिक्युपरेटरमध्ये, आणि दोन्ही पुढे एकत्र करून मुख्य हीटरमध्ये. यात गंमत अशी आहे की कमी तापमानाला २०० बारवाल्या सीओटूची हीट कपॅसिटी ८० बारवाल्यापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे तुझा रिक्युपरेटर आधीपासूनच असंतुलित आहे, गरम बाजूच्या गॅसला एवढ्या थंड फ्लोची गरजच नाही. तेवढा जास्तीचा भाग तिथून काढून एक्झॉस्टला दिलास तर रिक्युपरेटरचं जवळजवळ काही बिघडत नाही. चौथाई भागापासून सुरू कर आणि वर खाली करून बघ.

दुसरं, तू कॉम्प्रेसरच्या तोंडाशी किती तापमान धरलंय? ३२-३५ असेल तर ते कुठल्या हवामानात मिळणार याचा विचार कर. सीओटूचा क्रिटिकल पॉइंट ३१ अंश आणि ७३.८ बार. ८० बारला ३२ अंशाला तो जवळजवळ द्रवासारखा दाट असतो म्हणून कॉम्प्रेसरला काम कमी पडतं, आणि या सायकलचा सगळा फायदा त्या दाटपणावर उभा आहे. तोच ८० बारला ४० अंशाला गेला की घनता निम्म्याच्याही खाली येते, कॉम्प्रेसरचं काम दुपटीच्या वर जातं आणि टर्बाइन जे कमावते ते कॉम्प्रेसर खातो. गरम दिवशी मागचं प्रेशर ९० च्या वर न्यावं लागतं. मी रेफ्रिजरेशनमध्ये सीओटूची मशिन्स चालवली आहेत, एक-दोन अंशांनी मशीन पूर्ण वेगळं वागतं, त्यामुळे एकच डिझाइन पॉइंट दाखवून थांबू नकोस प्लीज.

आणि ओआरसीला आर२४५एफए हे रेफ्रिजरंट का नाही घेतलास असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेव. त्याचं क्रिटिकल तापमान १५४ अंश, ४५० च्या गॅससमोर ते खूपच खाली आहे, शिवाय फार तापलं की फ्लुइड मोडतो, आणि त्याचा जीडब्ल्यूपी (सीओटूच्या किती पट पृथ्वी तापवतो तो आकडा) हजाराच्या आसपास म्हणून असे वायू कमी करायच्या किगाली करारानंतर ते हळूहळू बाजूला चाललंय. त्याच्या जागी आर१२३३झेडडी येतं, जीडब्ल्यूपी नगण्य, पण तेही कमी तापमानाच्या उष्णतेसाठीच. सायक्लोपेंटेन, टोल्युइन, इथेनॉल हे तुझ्या तापमानाला बरे पण सगळे पेट घेणारे, म्हणून मोठ्या प्लांटमध्ये मध्ये थर्मल ऑइलचा लूप घालतात आणि त्यात परत काही अंश हातचे जातात.

---

इंजिनरूम_चीफ

मी जहाजावर २० वर्षं इंजिनरूममध्ये काढली, सायकलचं गणित वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी फक्त धुराड्याच्या बाजूने बोलतो कारण सॉफ्टवेअरमध्ये काजळी नसते.

तुम्ही गॅस १५० पर्यंत उतरवला म्हणताय. इंधनात गंधक असेल तर सल्फ्युरिक ॲसिडचा ड्यू पॉइंट (ज्याच्या खाली ॲसिडचे थेंब धरतात ते तापमान) १२० ते १५० च्या दरम्यान कुठेतरी येतो. गॅस १५० ला असला तरी ट्यूबचा पत्रा त्याहून गार असतो, आतून ४५ अंशाचं फ्लुइड येतंय ना, मग पत्र्यावर ॲसिड बसतं आणि ट्यूब खाल्ल्या जातात. म्हणून आत येणारं फ्लुइड किती गार आहे ते आधी बघायचं, गॅस किती अंशाला बाहेर गेला हे नंतर. २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं तेव्हापासून थोडी सवड मिळाली, पण अर्धा टक्का म्हणजे शून्य नव्हे. तुमचा जनरेटर कमी गंधकाच्या डिझेलवर असेल तर खाली जा, पण इंधन कुठलं धरलंय ते रिपोर्टमध्ये लिहा.

दुसरी गोष्ट काजळी, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका जहाजावर आम्ही बरेच आठवडे हळू चालत होतो, इंधन वाचवायला इंजिन अर्ध्या लोडच्या खाली. एक्झॉस्ट बॉयलर मोठा बनवलेला, ट्यूबा जवळ जवळ, पिंच लहान ठेवून जास्तीत जास्त वाफ काढायच्या हिशोबाने. कमी लोडला गॅसचा वेग पडला, काजळी ट्यूबांवर चिकटत गेली, सूट ब्लोइंग (झोत मारून काजळी उडवणं) करूनही पूर्ण निघेना, आणि एके पहाटे लोड वाढवल्यावर आतमध्ये आग लागली. बॉयलरच्या बाहेरचा रंग फुगून निघत होता. इंजिन थांबवलं, सर्क्युलेशन पंप चालू ठेवला, बाहेरून पाण्याने बाउंडरी कूलिंग करत राहिलो, नशिबाने ट्यूबा वितळल्या नाहीत. नंतर आत शिरून काजळीचे थर बोटांनी खरवडले तेव्हा मला कळलं की कागदावरच्या शेवटच्या ५ टक्के उष्णतेची किंमत काय असते. पिंच लहान म्हणजे पृष्ठभाग मोठा, पृष्ठभाग मोठा म्हणजे गॅस हळू, गॅस हळू म्हणजे काजळी.

बॅकप्रेशर पण बघा. बॉयलर घातला की इंजिनला धूर ढकलायला जास्त जोर लागतो, टर्बोचार्जर नीट श्वास घेत नाही, तुम्ही मागून १०० किलोवॅट काढले आणि पुढे इंजिन जास्तीचं डिझेल प्यायलं तर ते त्या १०० मधून वजा करायला हवं. हे वजा करून दाखवणारे पेपर मला फार थोडे दिसले.

तरीही मी हे करू नका असं म्हणत नाही हं. मोठ्या जहाजांवर वेस्ट हीटची वाफ टर्बाइनला लावून वीज काढणं जुनं आणि चाललेलं काम आहे, २००६ च्या एम्मा मर्स्कवर ८० मेगावॅटच्या मुख्य इंजिनामागे अशी सिस्टिम होती. टू स्ट्रोकचा एक्झॉस्ट २५० च्या आसपासच असतो तरी एवढ्या मोठ्या इंजिनात मेगावॅटच्या हिशोबात वीज निघते. आता जॅकेट वॉटरवरही, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पाण्यावरही, ओआरसी लागतायत, वायकिंग ग्रेस या फेरीवर २०१५ मध्ये लागलं. ते पाणी ९० अंशाचं स्वच्छ पाणी आहे, काजळी नाही, ॲसिड नाही, इंजिन त्याला तसंही गार करणारच आहे.

---

ट्रकटेस्टर

जॅकेट वॉटरवरून, ९० अंश आणि ३० अंश यांच्यात कार्नोच १६-१७ टक्के आहे, प्रत्यक्षात ६-७ मिळाले तरी चांगलं. तुझ्या इंजिनात पाण्यात ५०० किलोवॅट जात असतील तर ३०-३५ किलोवॅट. एक्झॉस्टपेक्षा कमी, पण सोपं.

मी गाड्यांच्या बाजूचा अनुभव लिहितो कारण सगळे पेपर "इंजिन" म्हणून एकच शब्द वापरतात आणि जागेवर उभं इंजिन आणि चालणारं इंजिन यात जमीन अस्मानाचा फरक आहे. १९७० च्या दशकात मॅकच्या ट्रक इंजिनवर ओआरसी लावून रस्त्यावर फिरवलेलं आहे, तेलाच्या संकटामुळे तेव्हाही हाच उत्साह होता. २००५ ला बीएमडब्ल्यूने टर्बोस्टीमर दाखवला, १.८ लिटरच्या इंजिनमागे वाफेचं यंत्र, १० किलोवॅट जास्त, ते गाडीत कधी विकायला आलं नाही. अमेरिकेच्या सुपरट्रक प्रकल्पात कमिन्सने ५० टक्के ब्रेक थर्मल एफिशियन्सी (इंधनाच्या ऊर्जेतला शाफ्टवर मिळणारा हिस्सा) दाखवली त्यात ओआरसीचा वाटा होता.

ट्रकची खरी अडचण पुढच्या जाळीत आहे. तुझेच आकडे घेतले तर, एक्झॉस्टमधून ६०० ओढले आणि ९६ वळवले तर उरलेले ५०० कंडेन्सरने हवेत टाकायचे. आधी ते धुराबरोबर आपोआप जात होते, आता त्यांना रेडिएटर पाहिजे. ट्रकच्या तोंडाशी आधीच इंजिनचा रेडिएटर, चार्ज एअर कूलर, एसीचा कंडेन्सर दाटीवाटीने बसलेत, चौथा बसवला की पंखा जास्त वेळ फिरतो आणि पंखाच काही किलोवॅट खातो. म्हणून आम्ही आधी ईजीआरची (इंजिनात परत सोडल्या जाणाऱ्या एक्झॉस्टची) उष्णता घ्यायचो, ती गरमही असते आणि तिला गार करायचा भार रेडिएटरवर आधीपासून होताच, तिच्यातली थोडी वीज झाली तर रेडिएटरचं ओझं उलट हलकं होतं. मागच्या पाइपातली उष्णता घेतली की ओझं वाढतं. हा फरक मला टेस्ट बेडवर दोन हिवाळे काम केल्यावर कळला, हिवाळ्यात सगळं सुंदर चालायचं आणि उन्हाळ्यात कंडेन्सर प्रेशर चढून एक्सपँडरची पॉवर निम्मी व्हायची.

शिवाय रस्त्यावर लोड दर मिनिटाला बदलतो. एव्हॅपोरेटर जड, त्याला तापायला वेळ लागतो, चढावर उष्णता आली तेव्हा फ्लुइड अजून तयार नाही, उतारावर ड्रायव्हरने पाय काढला तेव्हा वाफ तयार आणि पॉवरची गरज नाही. त्यामुळे गाडीत बरेचदा टर्बोकंपाउंड जिंकतं, एक्झॉस्टमध्ये एक जास्तीची टर्बाइन आणि गिअरने क्रँकला जोड, ना फ्लुइड ना कंडेन्सर. मिळतं कमी, बॅकप्रेशरही वाढतं, पण लगेच मिळतं. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून एमजीयू-एच (टर्बोचार्जरला जोडलेला मोटर-जनरेटर) होतं तेही त्याच घराण्यातलं.

तू जनरेटर निवडलास ते चांगलं केलंस, लोड स्थिर आणि कंडेन्सरला जागा. पण तुझा लोड खरंच स्थिर आहे का ते बघ.

---

वाफेचा_विद्यार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन रात्री बसून परत रन केलं, आकडे देतो.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फ्लो फोडला. चौथाईपासून सुरू केलं, ३० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त पॉवर आली. गॅस आता १५० ला सुटतो, ६०० किलोवॅट पूर्ण ओढले जातात, सायकल एफिशियन्सी २३ वरून १९.५ वर उतरली आणि नेट पॉवर ९७ वरून ११७ झाली! एफिशियन्सी पडताना पॉवर चढताना बघून खरंच अंगावर काटा आला. २७५ पैकी ११७, म्हणजे ४२-४३ टक्के.

चीफ सर, डिझेल कमी गंधकाचं धरलंय, ते आता लिहितो. कॉम्प्रेसरमधून सीओटू साधारण ७० ला निघतो त्यामुळे प्रीहीटरचं थंड टोक त्या तापमानाला आहे, ओआरसीत ४५ ला होतं, म्हणजे पत्र्याच्या बाबतीत सीओटू थोडा बरा दिसतो. बॅकप्रेशरचं वजा करायचं अजून बाकी आहे, इंजिनचा मॅप मिळवतोय.

लोडचं ट्रकटेस्टर दादांनी विचारलं ते सगळ्यात कडू निघालं. ६० टक्के लोडला ओआरसी ९६ वरून ५९ वर येतं पण सीओटू ११७ वरून ६४ वर, कारण कॉम्प्रेसर त्याच्या डिझाइन पॉइंटपासून दूर जातो. म्हणजे पूर्ण लोडला २१ किलोवॅटचा फरक आणि ६० टक्क्याला फक्त ५. कूलिंग वॉटर गरम धरून अजून रन केलं नाही, भीतीच वाटतेय.

---

उष्मागतीवाला

भिऊ नकोस, तोच रन तुझ्या थीसिसचा गाभा आहे. दोन्ही लोड आणि दोन्ही पाण्याची तापमानं, चार चौकटींचं टेबल कर. सीओटू एखाद्या चौकटीत ओआरसीच्या मागे पडला तर तेही छाप, लपवू नकोस. आणि गाइड सरांना आधी तो टेंपरेचर-हीट आलेख दाखव, रिक्युपरेटर मोठा आणि फ्लो फोडलेला असे दोन शेजारी शेजारी, बोलावं लागणार नाही.

---

इंजिनरूम_चीफ

बायपास डँपर (गॅस बाजूने वळवणारी झडप) काढायला विसरू नका चित्रात. मागची सायकल ट्रिप झाली की सीओटू किंवा सायक्लोपेंटेन वाहायचं थांबतं आणि गॅस ४५० चाच येत राहतो, तेव्हा त्या ट्यूबा कोरड्या भाजल्या जातात, सायक्लोपेंटेन असेल तर आत अडकलेलं फ्लुइड मोडतंही. इंजिन चालू ठेवून गॅस बाजूने काढता आला पाहिजे. आणि डँपर पूर्ण बंद होत नाही, थोडा गॅस गळतोच, तो पण हिशोबात धरा.